राजी, रजा आणि राजीनामा

(दिल्लीतील मराठी रसिकांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आम्हाला पहाडगंजातल्या एका वर्गात मराठी शिकवलं. शब्द हाती लागला की त्याचं घर सापडेपर्यंत सर त्याला सोडत नसत. एकदा कुणीतरी निबंधात ‘राजीनामा’ लिहिलं, तर त्यांनी सगळा तास त्यावरच घेतला. राजी म्हणजे कबूल, खूष. नामा म्हणजे कागद. मग ‘मी कबूल आहे’ असं सांगणारा कागद ‘मी जातो’ असं सांगणारा कसा झाला? आमच्यातल्या कुणाला उत्तर आलं नाही. सरांनी जुन्या मुंबई इलाख्यातल्या जमिनीच्या कागदांची गोष्ट सांगितली. जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. सोडणाऱ्यानं ‘मी राजीखुशीनं सोडतो’ एवढं लिहिलं की पुरे होई. ‘रजा’ हा शब्दही ‘राजी’च्याच अरबी मुळातून आल्याचं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. रजा म्हणजे मर्जी, परवानगी. आपण कचेरीत रजा मागतो तेव्हा मुळात समोरच्याची मर्जी मागत असतो.

हा तास मला २०१८ च्या मे महिन्यात, कॅनॉट प्लेसच्या एका सिनेमागृहात, पडद्यावर ‘राझी’ ही अक्षरं उमटली तेव्हा आठवला. आज मी त्या चित्रपटाबद्दल आणि तो ज्या कादंबरीवरून घेतला तिच्याबद्दल बोलणार आहे. हेरकथा हा विषय स्मृतिव्याख्यानाला हलका वाटेल, अशी शंका आयोजकांपैकी एकांनी प्रेमानं बोलून दाखवली होती. मला तो हलका वाटत नाही. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला तर मुळीच वाटू नये.

आधी थोडी माहिती. नौदलातून लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त झालेल्या हरिंदर सिक्का यांची ‘कॉलिंग सेहमत’ ही इंग्रजी कादंबरी २००८ साली आली. बीज कुठं मिळालं हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. कारगिलच्या युद्धानंतर ते तिकडे गेले होते. हेरखात्याच्या अपयशावर राग काढत असताना एका लष्करी अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं, की सगळेच तसे नव्हते, माझी आई तशी नव्हती. ती आई म्हणजे १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून गेलेली, आपल्याला बातम्या पुरवणारी काश्मिरी मुलगी. सिक्का यांनी तिचं खरं नाव कधीच उघड केलं नाही. कादंबरीत ती सेहमत झाली.

दहा वर्षांनी, ११ मे २०१८ रोजी, मेघना गुलजार यांचा ‘राझी’ प्रदर्शित झाला. पटकथा त्यांनी भवानी अय्यर यांच्यासोबत लिहिली. सेहमत आलिया भट, तिचा पाकिस्तानी नवरा इक्बाल विकी कौशल, तिला घडवणारा गुप्तचर अधिकारी खालिद मीर जयदीप अहलावत. इक्बालची वहिनी मुनिरा आपल्या अमृता खानविलकर यांनी केली आणि त्या सोशिक बाईला दिलेल्या थोड्या प्रसंगांतही जीव ओतला. सेहमतची आई झालेल्या सोनी राझदान या आलियाच्या सख्ख्या आई, आणि गाणी लिहिणारे गुलजार हे दिग्दर्शिकेचे वडील. पुढच्या वर्षीच्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री, गीत आणि पार्श्वगायन अशी पाच पारितोषिकं त्याला मिळाली. माहिती एवढी पुरे.

‘सेहमत’ म्हटलं की मराठी कानाला ‘सहमत’ ऐकू येतं, आणि ‘राझी’ म्हटलं की ‘राजी’. सेहमत या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, होकाराचे दोन शब्द एका मुलीच्या अंगावर चढवलेले आपल्याला दिसतात. म्हणून हा चित्रपट आपल्या भाषेत पाहिला की एक प्रश्न आपोआप पुढं येतो. ही मुलगी खरंच राजी होती का? तिला नीट विचारलं कुणी?

तिचे वडील हिदायत खान आजारी आहेत, फार दिवस उरलेले नाहीत. पाकिस्तानी ब्रिगेडियर त्यांना आपला मित्र आणि आपला खबऱ्या समजतो, पण हिदायत काम करतात भारतासाठी. आपण गेल्यावर हा धागा तुटू नये म्हणून ते मित्राकडे मुलीचा हात त्याच्या मुलासाठी देऊ करतात, आणि मग दिल्लीत कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला बोलावून घेतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्थळ आधी ठरतं, मुलीला विचारणं नंतर येतं. आपल्याकडच्या किती घरांत हाच क्रम होता, हे या सभागृहातल्या वयानं मोठ्या भगिनींना मी सांगायची गरज नाही. वडील मायेचे आहेत आणि जबरदस्ती करत नाहीत. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या बापानं देशाचं नाव घेऊन विचारलं, तर नाही म्हणायला जागा कुठं उरते?

ही मुलगी कशी आहे, ते दिग्दर्शिका आधीच दाखवून ठेवते. कॉलेजच्या रस्त्यावर गाडीखाली येणाऱ्या खारीला वाचवायला ती धावते आणि काच तिच्या पायात घुसते. रक्त पाहून ती कासावीस होते. एवढासाच प्रसंग. पण पुढं हीच मुलगी घरातल्या म्हाताऱ्या नोकराला, अब्दुलला, जीपखाली चिरडते तेव्हा ती खार आठवते आणि पोटात गोळा येतो. एका जिवाला चाकाखालून ओढून काढणारी मुलगी दुसऱ्या जिवावर चाक घालते, आणि मधल्या काळात तिच्यावर ‘प्रशिक्षण’ झालेलं असतं. त्या खुनानंतर ती न्हाणीघरात जाते आणि पाण्याखाली बसून रडते. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून तिला ते रडणंही पाण्याखाली लपवावं लागतं. सासरी नांदणाऱ्या बाईनं न्हाणीघरात जाऊन रडायचं, हे आपल्या आयाआज्यांना ठाऊक होतं. मोठ्या राजकारणाची गोष्ट सांगताना ही साधी जागा ज्या दिग्दर्शिकेला सापडली, तिला मी मनापासून मानतो.

आणि तिला खरोखर विचारणारा माणूस कोण निघतो? इक्बाल. शत्रुसैन्यातला अधिकारी. लग्नानंतर तो तिला म्हणतो की आपली ओळखही नाही, घाई नको. तो वेगळा झोपतो आणि थांबतो. बापानं वेळ दिला नाही, खात्यानं दिला नाही. वेळ दिला तो ज्याच्या घरात ती सुरुंग पेरायला आली आहे त्यानं. साऱ्या चित्रपटाचं दुःख मला या एका गोष्टीत साठलेलं दिसतं. इक्बाल वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं, आणि सिनेमा विसरूनही गेलो असतो.

इथं थोडं मागं जातो, कारण अशी मुलगी आपल्या परंपरेला नवी नाही. विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ आठवा. आपल्याकडची ती थोर हेरकथाच. चंद्रगुप्ताला मारायला राक्षसानं पाठवलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो आणि पर्वतक मरतो. पुढं साऱ्या नाटकात अंगठी, पत्रं, वेषांतरं, उलटे हेर यांचा खेळ रंगतो. पण ती विषकन्या? तिला नाव नाही. ती रंगमंचावर येत नाही, तिच्या तोंडी एक वाक्य नाही. तिचं काय झालं हे कुणी विचारतही नाही. ती बाण आहे, आणि बाणाला कुणी विचारत नाही. ‘राझी’ मला त्या बिननावाच्या मुलीला दीड हजार वर्षांनी मिळालेली वाचा वाटते.

पश्चिमेकडची एक बहीणही सांगतो. १९४६ साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘नोटोरियस’ केला. त्यात इन्ग्रिड बर्गमन यांची नायिका एका शिक्षा झालेल्या नाझी हेराची मुलगी आहे. अमेरिकन गुप्तचर तिला रिओला नेतात आणि पुढं नाझी गटातल्या माणसाशी लग्नही करायला लावतात. बापाचं ओझं मुलीच्या खांद्यावर, लग्न हेच हत्यार, आणि नवरा तिच्यावर खरोखर जीव टाकणारा. सगळं सेहमतसारखं. पण तिथं शेवटी नायक येतो आणि विष पाजलेल्या नायिकेला जिन्यावरून उतरवून घेऊन जातो. सेहमतला न्यायला तिचे आपले लोक येतात ते तिला संपवायला. ती पकडली जाणार म्हटल्यावर खालिद मीर तोच निर्णय घेतो. त्या स्फोटात इक्बाल जातो, आणि सेहमतच्या जागी बुरख्यातली दुसरीच एक बाई जाते. ही दुसरी बाई कोण होती, तिला कुणी विचारलं होतं का? प्रेक्षक म्हणून आपणही सेहमत वाचली याच्या सुटकेत तिला विसरतो. पुन्हा पाहाल तेव्हा तिथं थांबा.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. चित्रपटाचा शेवट सिक्का यांना रुचला नाही, आणि त्यांनी ते जाहीरपणे बोलून दाखवलं. त्यांच्या कादंबरीतली सेहमत परत आल्यावर तिरंग्याला सलाम करते. ती आतून मोडते, पुढं पंजाबात मलेरकोटल्याला जाऊन राहते, पण आपण केलं ते देशासाठी, याबद्दल तिच्या मनात किंतु नाही. चित्रपटातली सेहमत परत येते ती खालिद मीरसमोर उभी राहते आणि हे कसलं जग आहे तुमचं, असं विचारते. तिच्या पोटात इक्बालचं मूल आहे. आणखी एक जीव घेणार नाही, असं ती ठरवते. शेवटी वय झालेली सेहमत एका रिकाम्या खोलीत खिडकीपाशी बसलेली दिसते. तिथं बिगूल वाजत नाही.

सिक्का यांचं दुःख मी समजू शकतो. एका मुलानं विश्वासानं सांगितलेल्या आईच्या गोष्टीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं घातली. ती बाई देशावर रुसून संपली, असा अर्थ कुणी काढला तर तिच्यावर अन्याय होतो, असं त्यांना वाटलं असणार. नौदलात वर्दी घातलेल्या माणसाला झेंडा वगळणं टोचणारच. तरीही माझं मत चित्रपटाच्या बाजूचं आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगतो. कादंबरीतला सलाम बाहेरून दिसतो. खिडकीपाशी बसलेल्या बाईच्या मनात तो सलाम नाही, असं चित्रपट कुठंही म्हणत नाही. देशावरचं प्रेम आणि देशाच्या कामानं केलेली जखम एकाच शरीरात राहू शकतात. ‘मी केलं ते खरं, पण पुन्हा करणार नाही’, हा तिचा राजीनामा आहे. सरांनी सांगितलेल्या अर्थानं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या मर्जीनं काही लिहून देते, आणि ते सोडून जाण्याचं असतं.

हेरकथांच्या चांगल्या पटकथा अशाच राजीनाम्याशी येऊन थांबतात. जॉन ल कारे यांची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ १९६३ ची, तिच्यावरचा मार्टिन रिट यांचा चित्रपट १९६५ चा. रिचर्ड बर्टन यांचा लीमस बर्लिनच्या भिंतीवर चढून बसला आहे. पलीकडे सुटका आहे, अलीकडे त्याच्याच खात्याच्या डावात गोळी लागून पडलेली मुलगी. तो अलीकडे उतरतो. कादंबरीत तिचं नाव लिझ होतं, चित्रपटात नॅन झालं, बाकी बरंच बदललं. शेवट मात्र हलला नाही, कारण त्या गोष्टीचा प्राणच तिथं होता. ‘राझी’त नावं टिकली आणि शेवट हलला. रूपांतर म्हणजे मूळ कथेची नक्कल नव्हे. तिच्या पोटातला प्रश्न कुठं धडधडतो ते शोधणं. सिक्का यांच्या गोष्टीचा प्रश्न पहिल्याच वाक्यात होता. एक मुलगा आपल्या आईबद्दल बोलत होता. मेघना गुलजार यांनी शेवट त्या आईपाशी नेला.

आता इतिहासाबद्दल, कारण इथं गफलत होते. चित्रपटात सेहमतच्या बातमीमुळे विमानवाहू ‘विक्रांत’ बुडवण्याचा पाकिस्तानचा बेत उघड होतो. प्रत्यक्षात ‘विक्रांत’साठी आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’. १४ नोव्हेंबर १९७१ ला ती कराचीहून निघाली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी ९३ जणांसह बुडाली. आयएनएस ‘राजपूत’ने टाकलेल्या डेप्थ चार्जनी, असं आपलं नौदल म्हणतं, तिच्याच सुरुंगांच्या स्फोटानं, असं पाकिस्तान. पण ती तिथं का आली, हे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. चितगावकडे गेलेला एक संदेश आपल्या हाती लागला. त्यात एका वंगणतेलाची चौकशी होती, आणि ते तेल पाणबुड्यांना आणि सुरुंग काढणाऱ्या जहाजांनाच लागतं. तेवढ्यावरून ओळखलं गेलं की पाणबुडी उपसागरात येते आहे. मग ‘विक्रांत’ला अंदमानात लपवून ‘राजपूत’नं तिचं सोंग घेतलं. ठेकेदारांकडे मोठ्या जहाजाला पुरेल इतक्या भाजीपाल्याच्या मागण्या गेल्या. आणि कुणीतरी ऐकावा म्हणून मुद्दाम उघड्यावर एक साधा संदेश पाठवला गेला: एका नौसैनिकाच्या आईची तब्येत कशी आहे, याची चौकशी.

मंडळी, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. भाजीची यादी, तेलाचा डबा आणि आईची खुशाली. हेरगिरीचं खरं जग पिस्तुलांपेक्षा अशा घरगुती गोष्टींनी भरलेलं असतं. म्हणूनच ‘राझी’मधली शाळा, मुलांचं गाणं बसवणं, जेवणाचं टेबल मला खोटं वाटत नाही. ‘ऐ वतन’ हे गाणं सेहमत पाकिस्तानी लष्करी शाळेतल्या मुलांकडून बसवून घेते. त्यात अल्लामा इक्बाल यांची १९०२ ची मुलांची प्रार्थना गुंफली आहे, जी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत म्हटली गेली. गुलजारांनी त्या गाण्यात देशाचं नाव घातलेलं नाही. मुलं आपल्या देशासाठी गातात, बाई आपल्या. एकाच सुरात. शंकर-एहसान-लॉय यांची चाल ऐकताना डोळे भरून येतात ते यामुळे.

   

आता दिल्लीकडे येतो. २१ सप्टेंबर १९६८ रोजी रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली परदेशी गुप्तवार्तांसाठी वेगळं खातं उभं राहिलं. आपण त्याला ‘रॉ’ म्हणतो. तिथली माणसं मात्र विचारलं की ‘कॅबिनेट सेक्रेटरिएट’ एवढंच सांगत. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेल्या माझ्यासारख्यांना हे दोन शब्द ओळखीचे आहेत. आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब होतं. काका कॅबिनेट सेक्रेटरिएटमध्ये. काय करतात? ‘फायली.’ कधी अचानक तीन महिने दिसत नसत. कुठं गेले? ‘टूरवर.’ काकू एवढंच म्हणत आणि आमच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवत. एकदा माझ्या आईनं फार खोदून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो वहिनी, ह्यांचं ऑफिस चपलांबरोबर दाराबाहेर राहतं. आत आणायचं नाही, असं लग्नाच्या वेळीच ठरलंय.’ आईनं विचारलं, ‘तुम्हाला विचारून ठरलं का?’ काकू हसल्या आणि गॅसकडे वळल्या. मी सात-आठ वर्षांचा असेन. ते हसू मला अजून दिसतं.

ते काका कोण होते, हेर होते की टंकलेखक, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. खात्याची गुपितं खात्याची, ती तशीच राहावीत. पण मुलाच्या बोर्डाच्या परीक्षेला बाप घरी नव्हता, ही गोष्ट त्या घराची आहे. रात्री दोनला दार वाजलं आणि बाईनं काही न विचारता चहा ठेवला, ही तिची आहे. ‘कॉलिंग सेहमत’ अशाच एका घरातल्या मुलानं तोंड उघडल्यामुळे लिहिली गेली, आणि तिच्यामुळे ‘राझी’ झाला.

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पन्नास-साठच्या दशकांत दिल्लीला आलेली मराठी कुटुंबं आज पहाडगंज, करोलबागेतून नोएडा, गाझियाबाद, गुरुग्रामपर्यंत पांगली आहेत. त्या पिढीच्या बायका आता ऐंशीच्या पुढं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर आईजवळ बसा आणि विचारा. नवऱ्याच्या कामाबद्दल नको, तिच्या दिवसांबद्दल विचारा. आणि सगळ्यांत आधी हे विचारा, की दिल्लीला यायला तू राजी होतीस का.